पिंगला दारात उभी आहे : आशा, नोटिफिकेशन आणि आपलं मन

आजचे वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध ११, अध्याय ८, श्लोक २२ ते ४४
जोडवाचन : भगवद्गीता ६.२६ आणि ६.३५



अवधूताच्या चोवीस गुरूंचं वाचन आपण गेले काही दिवस करतो आहोत. अवधूत यदुराजाला सांगतोय आणि तोच संवाद श्रीकृष्ण उद्धवाला ऐकवतायत. काल आपण माशापर्यंत आलो होतो. गळाला लावलेलं आमिष माशाला दिसतं, आतला काटा दिसत नाही. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या किनाऱ्यावर वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आज पिंगला. मासा आणि पिंगला यांच्यात एक मोठा फरक आहे. मासा एकदाच फसतो. पिंगला रोज फसते, आणि रोज संध्याकाळी पुन्हा दारात येऊन उभी राहते.

आजच्या चिंतनाला एक निमित्तही झालं. आमच्या विरारच्या सोसायटीत रविवारी आम्ही दहा-बारा जण वाचनाला बसतो. त्यातला एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, मागच्या रविवारी सगळे गेल्यावर थांबला. म्हणाला, "दादा, रात्री साडेबारा-एकपर्यंत मी फोनवर असतो. बघण्यासारखं काही नाही हे मला माहीत असतं. खरं सांगू, मजापण येत नाही. तरी अंगठा थांबत नाही. सकाळी माळ हातात घेतली की चौथ्या-पाचव्या मण्याला फोन आठवतो. मग वाटतं, आपण भक्ती वगैरे करण्याच्या लायकीचेच नाही. माळ ठेवून देऊ का?"

त्याचं नाव न सांगता हे लिहितोय, त्याला विचारून. त्याचा प्रश्न फोनबद्दल कमी आणि माळेबद्दल जास्त आहे. फोन सुटत नाही म्हणून तो देव सोडायला निघालाय. हे फार महाग पडतं, म्हणून आजचं वाचन जरा सावकाश करू.

कथा

विदेह नगरीत पिंगला नावाची गणिका राहत होती. संध्याकाळ झाली की ती नटूनथटून दारात उभी राहायची. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघून तिला वाटायचं, हा श्रीमंत दिसतोय, हा येईल, हा पैसे देईल. तो निघून जायचा. मग वाटायचं, हा गेला तर गेला, पुढचा याच्यापेक्षा मोठा असेल.

भागवतात इथे एक बारीक तपशील आहे. ती नुसती उभी नाही. ती आत जाते, पुन्हा बाहेर येते. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. झोप नाही, चैन नाही. असं करता करता मध्यरात्र होते.

हे वाचताना मी दोन मिनिटं थांबलो. फोन ठेवला, उचलला. ठेवला, उचलला. स्क्रीन बंद केली, काही आलं का बघायला पुन्हा चालू केली. शेकडो वर्षं ही पोथी वाचली जातेय आणि हा आत-बाहेरचा खेळ तिच्यात जसाच्या तसा आहे.

एकनाथ महाराजांनी याच अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली, एकनाथी भागवत. काशीत १५७३ साली ती पूर्ण झाली. तेव्हा ना वीज होती, ना तार. मन मात्र हेच होतं.

पिंगला सुखात अडकली नव्हती

नीट बघा, पिंगलेच्या त्या रात्रीत सुख कुठेच नाही. कोणी आलंच नाही, काही मिळालंच नाही. तरी ती हलत नाही. म्हणजे तिला बांधून ठेवलंय ते सुखाने नव्हे, "आता येईल" या आशेने. भागवत हीच गोष्ट बोट ठेवून दाखवतं, आणि विसाव्या शतकात मानसशास्त्रही वेगळ्या वाटेने इथेच पोचलं.

बी. एफ. स्किनर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कबुतरांवर प्रयोग करायचे. चकतीवर चोच मारली की दाणा. दर ठरावीक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळत असेल तर कबुतर दाणा खाऊन थोडं थांबतं. पण दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी तिसाव्या, कधी पाचव्या असा बेभरवशाचा मिळू लागला की कबुतर थांबतच नाही, चोच मारत राहतं. आणि दाणा अजिबात बंद केला तरी ही बेभरवशाची सवय सगळ्यात उशिरा सुटते. स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली यावर जाडजूड ग्रंथच लिहिला. जुगाराचं मशीन याच नियमावर चालतं.

आता आपला फोन बघा. दहा रील फालतू, अकरावा भन्नाट. वीस वेळा व्हॉट्सॲप उघडलं, एकविसाव्या वेळी हव्या त्या माणसाचा मेसेज. प्रत्येक वेळी छान काही मिळालं असतं तर आपण लवकर कंटाळलो असतो. कधीच काही मिळालं नसतं तर ॲप काढून टाकलं असतं. कधीतरी मिळतं, हाच गळ आहे.

दुसरी गोष्ट डोपामिनची. रीलवर डोपामिन म्हणजे "सुखाचं रसायन" असं ऐकायला मिळतं, ते अर्धवट आहे. वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. आधी खूण दिसायची, मग फळांचा रस मिळायचा. सुरुवातीला रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी जाग्या व्हायच्या. माकड शिकलं, तशा त्या पेशी रसाला नव्हे, खुणेलाच जाग्या होऊ लागल्या. आणि खूण दाखवून रस दिला नाही, तर ठरलेल्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही मंदावल्या. खूण म्हणजे आपला "टिंग" आवाज, तो लाल ठिपका. मेसेजमध्ये काय आहे ते कळण्याआधीच हात निघालेला असतो.

मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी आणखी एक पायरी दाखवली. हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवडणं कमी होत गेलं तरी हवंसं वाटणं वाढत जाऊ शकतं.

"मजापण येत नाही, तरी अंगठा थांबत नाही." तो मुलगा स्वतःला बिघडलेला समजत होता. त्याचं निरीक्षण मात्र अगदी अचूक होतं.

"इति" नसलेली पोथी

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून थोडं आतल्या बाजूचंही सांगतो. पूर्वी वेबसाइटवर पानं असायची. पान संपलं की "पुढे" दाबावं लागायचं. त्या एका क्षणात डोकं विचारायचं, पुरे का आता? २००६ साली अझा रास्किन यांनी कधीच न संपणाऱ्या स्क्रोलची रचना केली आणि तो क्षणच नाहीसा झाला. पुढे त्यांनी स्वतः याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. २००९ मध्ये फेसबुकवर लाइक आलं. त्याच वर्षी लॉरेन ब्रिक्टर यांनी एका ट्विटर ॲपमध्ये स्क्रीन खाली ओढून ताजी करायची सोय आणली. ओढा, सोडा आणि काय येतं ते बघा.

आपल्याकडे २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. २०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्सची सुरुवातच भारतातून झाली. हे सगळं लॉकडाऊनच्या वर्षात घडलं. कॉलेज फोनवर, मित्र फोनवर, क्लास फोनवर. आज विशीत असलेल्या मुलांच्या हातात फोन आला तो शाळेच्या नावाने.

आता पोथी उघडा. प्रत्येक अध्यायाच्या शेवटी "इति" आहे. हरिपाठ संपतो. आरती संपते, मग कापूर, मग प्रसाद. माळेला मेरुमणी आहे, तिथे बोट थांबतं, माळ उलटी फिरते. आपल्या परंपरेत प्रत्येक गोष्टीला थांबायची जागा दिलेली आहे. फीड ही "इति" नसलेली पोथी आहे. तिथे थांबायची जागा आपल्यालाच तयार करावी लागते, आणि तीही रात्री साडेबाराला, दमलेल्या मनाने. हे जमलं नाही तर ते भक्तीतलं खोट नव्हे. लढाई मुळात सारखी नाही.

मध्यरात्री काय झालं

कथेकडे परत येऊ. मध्यरात्री पिंगलेचा चेहरा उतरला, घसा सुकला. आणि त्या निराशेतूनच तिला निर्वेद झाला, म्हणजे आतून वीट आला.

तिथून पुढे ती जे बोलते त्यातल्या तीन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, आपल्याला खरं काय हवं होतं ते तिने ओळखलं. प्रेम देणारा आणि कधीही न सोडणारा तर हृदयातच, इतक्या जवळ होता, आणि मी रस्त्यावरच्या अनोळखी माणसांची वाट बघत बसले, असं ती म्हणते. आपण फोनमध्ये काय शोधतो? कोणीतरी आपली आठवण काढली का, आपण कोणाला आवडलो का. ही भूक खोटी नाही. पत्ता चुकलाय. म्हणून नुसता फोन काढून घेतला आणि त्या भुकेला काहीच दिलं नाही, तर माणूस दुसरं दार शोधतो.

दुसरी, तिने स्वतःला शाप दिला नाही. उलट ती म्हणते, माझ्यासारखीला असा वीट आला म्हणजे विष्णू माझ्यावर नक्कीच प्रसन्न झाला असणार. म्हणजे ज्या क्षणी लाज वाटायची, तो क्षण तिने कृपा म्हणून घेतला. "बघण्यासारखं काही नाही, मजा येत नाही" हे ज्या रात्री कळलं, ती रात्र वाया गेलेली नाही. तो त्या मुलाचा निर्वेद आहे. त्यावर माळ ठेवून द्यायची नसते, माळ उचलायची ती तिथूनच.

तिसरी गोष्ट साधी आहे. कथेचा शेवट कशाने होतो? पिंगला आत येते आणि सुखाने झोपते. ती तपाला गेली, हिमालयात गेली असं काही नाही. आशा सुटली आणि झोप लागली.

आणि अशा स्त्रीला अवधूताने गुरू म्हटलं. फोनमध्ये अडकलेल्या पोराकडे तुच्छतेने बघणाऱ्या आपल्यातल्या "सात्त्विक" मंडळींनी हे दोनदा वाचावं.

सात वाजताचा भोंगा

हे सगळं एकट्यानेच करायचं का? सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती मोबाईल आले आणि शाळा सुरू झाल्यावरही ते सुटेनात. ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. साडेआठपर्यंत दीड तास घराघरांत टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय मांडला तेव्हा सगळ्यांनाच तो लगेच पटला नव्हता. गावातल्या बायकांनी तो उचलून धरला, घरोघरी जाऊन समजावलं गेलं, मग तो रुळला.

मला यात दोन गोष्टी दिसतात. भोंगा म्हणजे गावाने तयार केलेली "इति". आणि ती सगळ्यांना सारखी आहे. आईवडिलांचा फोन चालू आणि मुलाचा हिसकावून घेतलेला, असं तिथे नाही. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला होता. दोन्ही गावांची काळजी एकच. पण मला स्वतःला दीड तास सगळ्यांनी मिळून थांबणं जास्त पचनी पडतं. बंदी मुलांवर पडते, भोंगा सगळ्यांवर.

आपल्या वसई-विरारमध्ये देवळावरून भोंगा वाजवून पूर्ण शहर थांबणार नाही. सात वाजता निम्मं शहर लोकलमध्ये असतं. पण भोंगा घरापुरता असू शकतो, ग्रुपपुरता असू शकतो. आणि लोकलमधली भजनी मंडळं आठवा. टाळ घेऊन, गर्दीत उभं राहून ऑफिसला जाता जाता गाणारी माणसं. त्यांच्याही खिशात फोन असतोच.

अभ्यास आणि वैराग्य

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन आवरणं म्हणजे वारा मुठीत धरण्यासारखं आहे. भगवान त्याला "तसं नाही" म्हणत नाहीत. मान्य करतात, मन चंचल आहे, कठीण आहे. मग दोन साधनं देतात : अभ्यास आणि वैराग्य. पतंजलींनीही योगसूत्रांत (१.१२) हीच जोडी दिली आहे.

वैराग्य म्हणजे फोनचा द्वेष नव्हे. तुम्ही हे फोनवरच वाचताय, मी लॅपटॉपवर लिहितोय. वैराग्य म्हणजे पिंगलेला मध्यरात्री जे दिसलं ते : या दारातून ते येणार नाही.

आणि अभ्यास कसा, ते ६.२६ मध्ये आहे. मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून त्याला परत आणायचं. मन पळता कामा नये असं तिथे म्हटलेलंच नाही. माळेच्या चौथ्या मण्याला फोन आठवला आणि तुम्ही पाचव्या मण्यावर परत आलात, तर तो एक अभ्यास झाला. एका माळेत चाळीस वेळा पळालं आणि चाळीस वेळा आणलं, तर चाळीस वेळा व्यायाम झाला. माळ "वाईट" झाली नाही.

एक पूर्वसूचना. सवय तोडताना पहिले काही दिवस ओढ कमी न होता वाढते. स्किनरच्या प्रयोगात दाणा बंद केल्यावर कबुतरही आधी जास्त जोरात चोच मारायचं. तेव्हा तिसऱ्या दिवशी बेचैनी वाढली तर "आपल्याला जमत नाही" असा अर्थ काढू नका. बहुतेक वेळा ती सुटण्याची सुरुवात असते.

या आठवड्याची साधना

सगळं एकदम नको. यातलं एक किंवा दोन निवडा.

१. फोनला झोपायची जागा द्या. चार्जर हॉलमध्ये ठेवा, उशीजवळ नको. उठण्यासाठी साधं गजराचं घड्याळ आणा. पिंगला दारातून आत आली तेव्हाच झोपली.

२. बांगड्या कमी करा. पुढच्या अध्यायात एक कुमारी येणार आहे. घरी पाहुणे आलेत, ती भात कांडतेय आणि बांगड्या वाजतायत. ती एकेक काढत जाते, शेवटी प्रत्येक हातात एकच ठेवते आणि आवाज थांबतो. तिथला मूळ बोध संगतीबद्दल आहे, पण नोटिफिकेशनलाही तो लागू पडतो. माणसांचे फोन आणि घरचे मेसेज राहू द्या. ॲपचे बाकी सगळे आवाज आणि लाल ठिपके बंद करा. एकेक बांगडी राहू द्या.

३. जप आणि वाचन कागदावर करा. माळ हातात असताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आकडा आधी ठरवा, एक माळ तर एक माळ, आणि मेरुमणी आला की मनापासून थांबा.

४. खाडीचा नियम. विरार, नालासोपारा किंवा वसईहून लोकल पकडली की फोन बॅगेत. नायगाव सुटून खाडीचा पूल ओलांडला की काढायचा असेल तर काढा. तोवर नामस्मरण करा, खिडकीबाहेर बघा, शेजारच्या काकांशी बोला.

५. घरचा भोंगा. रोज अर्धा तास, घरातल्या सगळ्यांचे फोन एका जागी. आईबाबांचेही. मुलाच्या हातातून फोन हिसकावून घेण्यापेक्षा आपला शेजारी ठेवून द्यावा.

शेवटी एक गंभीर गोष्ट. "स्मार्टफोनचं व्यसन" असं वेगळं निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत नाही. पण गेमिंगचा विकार आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यातल्या कसोट्या सगळ्यांनीच लक्षात ठेवाव्यात : ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा तेच महत्त्वाचं होणं आणि नुकसान दिसत असूनही चालू राहणं. असं कित्येक महिने चाललं असेल, झोप, जेवण, अभ्यास कोलमडला असेल, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर एकटे राहू नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर २०१४ पासून यासाठी खास क्लिनिक आहे. डॉक्टरकडे जाणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे. औषधही त्याचंच आहे.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की माळ ठेवू नकोस. फोन हॉलमध्ये ठेव आणि रविवारी ये. तो येतो की नाही ते त्याच्यावर आणि पांडुरंगावर.

प्रार्थना

हे हरी, मी रोज किती दारांत उभा राहतो ते तुला दिसतं. कोणाची वाट बघतोय हे मला कळत नाही, तुला कळतं. मला वीट येऊ दे, पण स्वतःचा नको, या वाट बघण्याचा येऊ दे. मन पळेल तेव्हा परत आणायची ताकद दे. आणि रात्री शांत झोप दे.

उद्याचे वाचन : स्कंध ११, अध्याय ९, कुरर पक्षी. चोचीत मांसाचा तुकडा आणि मागे लागलेले बाकीचे पक्षी. तो तुकडा सोडतो तेव्हा काय होतं, ते उद्या पाहू.

राम कृष्ण हरी.